दहाव्या पेंढीचा हिशेब

तौलनिक साहित्याच्या तासाला आम्ही दोघे आलटूनपालटून चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'ची प्रस्तावना शिकवतो, अर्थात भाषांतरातून. आम्ही मराठीचे प्राध्यापक. चौदाव्या शतकातील इंग्रजीवर आमचा अधिकार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. या प्रस्तावनेतला गरीब धर्मगुरू विद्यार्थ्यांना आवडतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गावातला प्रत्येक जण उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देत होता, मग हा गरीब कसा?" तो होते-नव्हते ते गरिबांना वाटून टाकत असे, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. चॉसरने तसे म्हटलेही आहे. पण तिचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर आमचेही नाही.

त्या प्रश्नापायी आम्ही बरेच वाचले. दशमांश ही इंग्लंडात ऐच्छिक देणगी नव्हती. शेतातली दहावी पेंढी, दहावे कोकरू, लोकरीचा दहावा भाग चर्चचा असे. न देणाऱ्यावर धर्मबहिष्काराचे शस्त्र चाले. धान्य, गवत व लाकूड हा मोठा दशमांश, तर कोकरे, लोकर, भाजीपाला हा लहान. मोठा दशमांश रेक्टरचा, आणि रेक्टर हा माणूसच असला पाहिजे असे नव्हते. एखादा जमीनदार आत्म्याच्या कल्याणासाठी आपल्या गावचे चर्च मठाला अर्पण करी; बिशपच्या संमतीने मठच तिथला रेक्टर होई. धान्य मठाच्या कोठारात जाई. गावात प्रार्थना, बाप्तिस्मा, अंत्यविधी हे सारे करी तो व्हिकर. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थच 'बदली माणूस' असा आहे. त्याच्या पदरी बहुधा लहान दशमांश आणि थोडी जमीन पडे.

जमीनदाराच्या हाती चर्च कसे, हा पुढचा प्रश्न. आपल्या जमिनीवर चर्च बांधणाऱ्याच्या घराण्याकडे तिथला धर्मगुरू सुचवण्याचा हक्क राही. त्याला ॲडव्हाउझन म्हणत. याला मराठीत 'वतन' म्हणावे असा मोह आम्हाला झाला, पण तो आवरला. वतनदाराला सेवेबद्दल उत्पन्न मिळे. इथे आश्रयदात्याला उत्पन्न नव्हते, होता तो फक्त शब्द टाकण्याचा अधिकार. तरीही तो स्थावर मालमत्तेसारखा वारशाने जाई. मुलगे नसले तर मुली पाळीपाळीने धर्मगुरू सुचवीत, पहिली पाळी थोरलीची. ११६४मध्ये दुसऱ्या हेन्रीने क्लॅरंडन येथे या हक्काचे तंटे राजाच्या न्यायालयात चालतील असे ठरवून घेतले. धर्मगुरू कोण, याचा वाद असा मालमत्तेचा वाद झाला. धाकट्या मुलाची सोय लावायला हा हक्क फार उपयोगी पडे. राजासुद्धा आपल्या कारकुनांना पगाराऐवजी अशा जागा देई.

दशमांश घेणाऱ्यांनाही दशमांश चुकला नाही. १२९१मध्ये पोप चौथ्या निकोलसने धर्मयुद्धाच्या नावाने पहिल्या एडवर्डला चर्चच्या उत्पन्नाचा दहावा भाग सहा वर्षांसाठी दिला. त्यासाठी चर्चच्या उत्पन्नाची नव्याने मोजदाद झाली. सहा मार्क, म्हणजे चार पौंड किंवा त्याहून कमी उत्पन्न असलेल्या आणि दुसरी जागा नसलेल्या धर्मगुरूला सूट होती. एडवर्ड त्या धर्मयुद्धाला गेलाच नाही. आकडे मात्र टिकले. स्कॉटिश हल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या उत्तरेत १३१८मध्ये ते कमी केले गेले. एरवी १३४८च्या महामारीने गावे ओस पडली तरी कर बहुतेक ठिकाणी जुन्याच आकड्यावर चालू राहिला, तो थेट १५३५पर्यंत.

हे वाचून प्रस्तावनेकडे परतलो तेव्हा ध्यानात आले की चॉसरचा धर्मगुरू काय करतो याइतकेच तो काय करत नाही हेही महत्त्वाचे आहे. दशमांशासाठी शाप देणे त्याला नकोसे वाटते. आपली जागा भाड्याने देऊन तो लंडनला जास्त मिळकतीच्या शोधात जात नाही. इतर काय करीत होते, त्याचीच ही यादी आहे. शिवाय त्याचा नांगरधारी भाऊ आपला दशमांश चोख भरतो, हेही चॉसर विसरत नाही. देणारा प्रामाणिक आणि राबणारा प्रामाणिक. हिशेब चुकतो तो मधल्या वाटेवर.

आम्हा दोघांपैकी एकाने अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. दुसऱ्याची नेमणूक वेळेवर कायम झाली, आणि त्यामागे कुणाचा तरी शब्द होता हे त्याला ठाऊक आहे. आम्ही यावर एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. हा लेख लिहिताना बोललो. १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेने असे ठरवले होते की रेक्टर स्वतः सेवा करणार नसेल, तर तिथे कायमचा व्हिकर नेमावा आणि त्याला पुरेसा वाटा द्यावा. हा नियम सगळीकडे पाळला गेला नाही. पण बदली माणूससुद्धा कायमचा असावा, हे निदान कुणाला तरी सुचले होते.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आज दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. तिचे उत्तर आम्ही तिला देणे लागत होतो. उशिरा का होईना, ते इथे दिले आहे.