जपान्यानं नेला

पितृपक्ष म्हटलं की आमच्या पिढीला आठवतो तो ऑफिसच्या डब्यात येणारा वडा आणि 'या पंधरवड्यात नवीन फोन घेऊ नकोस' हा आईचा फोन. मला मात्र आठवते ती अविधवा नवमी. आमच्या घाटकोपरच्या घरात त्या दिवशी आजी तिच्या आईचं, म्हणजे आयेचं पान वाढते. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, तांदळाची खीर. शेजारच्या एखाद्या सवाष्णीला जेवायला बोलावून ओटी भरते.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवरा हयात असताना जी बाई जाते, तिचं श्राद्ध या नवमीला करतात. आमची आये १९८९ मध्ये गेली. भिंतीवरच्या फोटोत तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे. फक्त तिचा नवरा त्या फोटोच्या आधी निदान चाळीस वर्षं घरी आलेला नव्हता.

लहानपणी मी विचारायचे, "आजी, तुझे बाबा कुठे गेले?"

आजी शेंगा सोलता सोलता सांगायची, "जपान्यानं नेला."

बस्स. पाऊस पडला, लाइट गेली, जपान्यानं नेला. याच सुरात. आणि आम्हालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. प्रत्येक घरात एक तरी अशी गोष्ट असते, जी इतक्या वेळा सांगितली जाते की कुणी प्रश्नच विचारत नाही.

आजीचा बापूस बोटीवर सुकाणी होता. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातून मुंबईत यायचं आणि बोट लागली की दीड-दोन वर्षं गायब व्हायचं, ही त्या काळची नोकरी. आज आपण ऑनसाइट जातो ना, तसंच, पण व्हिडिओ कॉल नाही आणि परतीचं तिकीट नक्की नाही. डेकवर रत्नागिरीचे, इंजिनात सिल्हेट नाहीतर पंजाबचे, खानपानात गोव्याचे, अशी साधारण वाटणी असायची. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, अशी त्यांची पदं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवरचा जवळजवळ प्रत्येक चौथा माणूस या आपल्या लोकांपैकी होता. नौदल म्हटलं की मुंबईकराला १९४६ चं बंड आठवतं. पण हे लोक नौदलाचे नव्हते. त्यांना युनिफॉर्म नव्हता, बंदूक नव्हती. टॉर्पेडो मात्र त्यांनाही लागायचा.

गेल्या वर्षी गावचं घर विकलं आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी घाटकोपरला आली. आत एक जुनी नल्ली (खलाशांच्या नोकरीच्या पुस्तकाला हे लोक नल्ली म्हणत), एक तुटका आरसा आणि पगारातला काही भाग घरी पाठवण्याची एक इंग्रजी चिठ्ठी. चिठ्ठीवर बोटीचं नाव होतं. ऐंशी वर्षं ते नाव आमच्या घरात होतं आणि ते कुणीच वाचलं नव्हतं, कारण आयेला इंग्रजी येत नव्हतं आणि आजीला त्या पेटीला हात लावायचा नव्हता.

आजी म्हणाली, "तू पत्रकार ना? बघ कुठे ठेवला त्यांनी त्याला."

'कुठे ठेवला' हे शब्द माझ्या डोक्यात अडकून बसले. पंच्याऐंशीची बाई आपल्या बापाचा तुरुंग शोधायला सांगत होती.

मग मी शोधायला लागले. फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा असतो. रात्री दोन वाजता लॅपटॉपसमोर बसलं तरी घरच्यांना वाटतं डेडलाइन आहे. दिवसा अंधेरीला मीटिंग, येताना मेट्रोत उभ्या उभ्या मोबाइलवर जपानी क्रूझर्स. शेजारचा मुलगा माझ्या स्क्रीनकडे बघून थोडा सरकून उभा राहायचा.

पहिला धक्का असा की जपान्यांनी नेलेल्या माणसांबद्दल माझं ज्ञान एका सिनेमातल्या क्वाय नदीवरच्या पुलापाशीच संपत होतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा तिथे चाळीस हजारांच्या आसपास भारतीय सैनिक युद्धकैदी झाले. त्यातले बरेच आझाद हिंद सेनेत गेले, ते आपण शाळेत शिकलो. जे गेले नाहीत, त्यातल्या हजारोंना न्यू गिनीसारख्या बेटांवर राबायला पाठवलं आणि तिथे ते उपासमारीनं आणि रोगानं मेले, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. युद्धकैद्यांना कसं वागवायचं याच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपाननं सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता. कैद्यांच्या याद्या यायच्या त्या उशिरा आणि अर्धवट. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जपान्यांच्या ताब्यातल्या कैद्यांची पन्नास हजारांहून जास्त कार्डं आहेत, जपानी आणि इंग्रजीत भरलेली. एक माणूस, एक कार्ड. पण ज्याचं कार्डच कुणी भरलं नाही त्याचं काय?

याचं उत्तर मला 'बेहार' या बोटीत सापडलं, आणि त्या रात्री मी लॅपटॉप बंद करून किचनमध्ये पाणी प्यायला गेले ती बराच वेळ तिथेच उभी राहिले.

'बेहार' ही ब्रिटिश मालवाहू बोट. मार्च १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियातून निघून ती येत होती मुंबईला. आपल्या मुंबईला. ९ मार्चला हिंदी महासागरात जपानच्या 'तोने' या क्रूझरनं तिला बुडवलं. पाण्यातून शंभराच्या वर माणसं 'तोने'वर घेतली गेली. त्यात भारतीय खलाशीही होते. काही जणांना बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, उतरवलं. उरलेल्या साठहून जास्त कैद्यांना बोट पुन्हा समुद्रात गेल्यावर रात्री डेकवर आणून मारलं. कॅप्टन मायुझुमीनं या हुकुमाला आधी हरकत घेतली होती, पण वरून नकार आल्यावर त्यानं हुकूम पाळला. युद्धानंतर हाँगकाँगमध्ये ब्रिटिश लष्करी कोर्टात खटला चालला. हुकूम देणारा व्हाइस ॲडमिरल साकोंजू १९४८ मध्ये फासावर गेला, मायुझुमीला सात वर्षांची शिक्षा झाली. हाँगकाँग विद्यापीठानं त्या खटल्यांची माहिती ऑनलाइन ठेवली आहे. कुणीही घाटकोपरमध्ये बसून वाचू शकतं.

'बेहार' आमच्या पणजोबांची बोट नव्हती. वर्षही जुळत नव्हतं. पण 'जपान्यानं नेला' या तीन सेकंदांच्या वाक्यात काय काय मावू शकतं, ते मला तेव्हा कळलं. आणि हेही कळलं की आजीला ते वाक्य म्हणताना कधीच रडू का येत नाही. तिनं त्याच्या आत डोकावूनच पाहिलं नव्हतं. की रोज पाहत होती आणि आम्हाला सांगत नव्हती?

शेवटी उत्तर मिळालं ते कैद्यांच्या यादीत नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट आहे, तिथे दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची नावं शोधता येतात. पणजोबांचं नाव मी सात स्पेलिंगनं टाकून पाहिलं. आपली नावं लिहिताना इंग्रज कारकुनांनी काय काय केलंय ते एकदा बघाच. मग मी नाव सोडलं आणि बोट धरली. आठव्या ओळीला ते होते. सुकाणी. वय एकतीस. रत्नागिरी. गावाच्या नावाचं पार भजं झालेलं, पण गाव आमचंच. आणि पुढे, 'अमुकचा पती' म्हणून आयेचं नाव, छापील अक्षरात.

तारीख ६ एप्रिल १९४२.

नंतर मी त्या दिवसाबद्दल मिळेल ते वाचलं. सिंगापूर गेलं होतं, मार्चमध्ये रंगून गेलं होतं. कलकत्त्याच्या बंदरात बोटींची गर्दी झाली होती. बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं त्यांना बाहेर काढलं, आणि संरक्षणाला युद्धनौका नसताना ओरिसाच्या किनाऱ्यानं पाठवलं. ५ एप्रिलला जपान्यांच्या मोठ्या ताफ्यानं कोलंबोवर हल्ला केला. त्याच सुमारास ॲडमिरल ओझावाचा दुसरा ताफा बंगालच्या उपसागरात शिरला आणि त्यानं दोन-तीन दिवसांत वीसच्या वर व्यापारी बोटी बुडवल्या. त्यातल्या बऱ्याच सहा तारखेला एकाच सकाळी. ताफा घाईत होता. तो बोटी बुडवायचा आणि पुढे जायचा. वाचलेले खलाशी होड्यांतून ओरिसाच्या किनाऱ्याला लागले. बाकीचे गेले.

म्हणजे जपान्यानं त्याला नेलंच नव्हतं. तो त्याच सकाळी संपला होता.

मग ही गोष्ट आली कुठून? आजीकडून तुकड्या-तुकड्यांत काढली. बोट बुडाल्याचं कळलं तेव्हा शेजारच्या गावचा एक तांडेल घरी आला होता. त्यानं आयेला सांगितलं, काही लोकांना जपानी घेऊन जातात, लढाई संपली की सोडतील. तो खोटं बोलला असं मला वाटत नाही. दोन वर्षांचं पोर कडेवर घेतलेल्या बावीस वर्षांच्या बाईला दारात उभं राहून दुसरं काय सांगणार? पुढे दर महिन्याला सरकारी मनीऑर्डर यायला लागली. आये अंगठा द्यायची. गावात कुणी म्हणालं की ही विधवेची पेन्शन आहे, तर ती म्हणायची, "पगार चालू हाय, म्हणजे माणूस पण हाय." १९४५ मध्ये लढाई संपल्यावर ती आजीला घेऊन मुंबईला आली आणि आठवडाभर धक्क्यावर जाऊन बसत होती. मग परत गेली. कुंकू लावतच राहिली.

आता माझी पंचाईत बघा. तारीख आजीला सांगायची, तर आये सत्तेचाळीस वर्षं विधवा होती असं सांगायचं. मग ते कुंकू, ते मंगळसूत्र, आजीनं पस्तीस वर्षं केलेली अविधवा नवमी, सगळंच चुकीचं ठरवायचं. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, कशाला सांगतेस या वयात?" आई म्हणाली, "तुला विचारलंय तिनं. नाही सांगितलंस तर तूही त्या तांडेलासारखीच." आईला ते टोमणा म्हणून म्हणायचं होतं, पण मला दोन दिवस तो तांडेलच बरोबर वाटत राहिला.

सांगण्याआधी मी मस्जिद बंदरला जाऊन आले. घाटकोपरहून स्लो लोकल, स्टेशनबाहेर हातगाड्या आणि मसाल्यांचा वास, आणि तिथून पुढे इंडियन सेलर्स होम. तिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं ब्राँझच्या पत्र्यांवर आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्यांसाठी पुस्तक आहे, सुमारे सहा हजार नावांचं. तसंच दुसरं पुस्तक चितगावला आहे. सगळे असे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. आपण सीएसएमटीला जाताना रोज इथून पुढे जातो. मस्जिद स्टेशनला कधी उतरलेय का मी आधी? हो, एकदा, लग्नाच्या पत्रिकांचा कागद घ्यायला.

रविवारी दुपारी आजीजवळ बसले आणि सांगितलं. सगळं. तारीख, बोट, ओरिसाचा किनारा. 'बेहार'चं नाही सांगितलं.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याच दिवशी गेला?"

"हो."

"म्हणजे हाल नाही झाले."

मी काय बोलणार? मान हलवली.

"मी टीव्हीवर बघितलं होतं एकदा," ती म्हणाली. "हाडं दिसणारी माणसं, रूळ टाकताना. तुम्ही सगळे ऑफिसला गेला होता. त्यानंतर मी देवाला सांगायची, बापूस तिकडे नको. मेलेला चालेल, पण तिकडे नको." पदरानं चष्मा पुसला. "आयेला नाही कधी बोलले हे. ती वाट बघायची ना."

म्हणजे घरात दोघी होत्या. एक म्हणत होती तो असावा, आणि दुसरी म्हणत होती तो नसावा. दोघी एकाच माणसासाठी.

मी भीत भीत विचारलं, "मग आता नवमीचं काय करायचं?"

आजीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच बावळट विचारलं. "आयेची नवमीच. ती सवाष्ण म्हणून जगली, सवाष्ण म्हणून गेली. कागदाला काय कळतंय?"

मग तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "सहा एप्रिल म्हणजे चैत्र ना? शुद्ध की वद्य?"

मी मोबाइलवर शोधलं. पौर्णिमा १ एप्रिलला होती. म्हणजे चैत्र वद्य.

"गुरुजींना विचार तिथी नक्की कुठली ती," आजी म्हणाली. "आणि वाटाणे आणून ठेव. पहिलंच पान आहे त्याचं."