बापाची फजिती : तीन चित्रपट

गेल्या पावसाळ्यात वडील गेले. घर आवरण्याच्या निमित्ताने आम्ही दोघे भावंडे महिनाभर एकत्र होतो. दिवसा कपाटे रिकामी करायची आणि रात्री एखादा चित्रपट पाहायचा, असा क्रम पडून गेला. त्यांतल्या तीन चित्रपटांची शिफारस येथे करावीशी वाटते. निवड ठरवून केलेली नव्हती. पण तिन्ही पाहून झाल्यावर लक्षात आले की आपण एकाच विषयाभोवती फिरत होतो : मुलांसमोर होणारी बापाची फजिती.

पहिला व्हित्तोरिओ दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८). १९५२ साली भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो मुंबईत दाखवला गेला, आपल्या दिग्दर्शकांवर त्याचा प्रभाव पडला, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पाठ असल्यामुळेच तो पुन्हा पाहायचा राहतो. चोरीला गेलेली सायकल शोधून थकलेला अंतोनिओ अखेर स्वतःच सायकल चोरतो आणि पकडला जातो. जमाव त्याला मारतो, ते छोटा ब्रूनो पाहतो. नंतर तो बापाचा हात धरतो. या वेळी आम्हांला तो हात तेवढा दिसला.

दुसरा इंगमार बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७). वर्गात यातल्या स्वप्नांची, बिनकाट्यांच्या घड्याळाची चर्चा होते. आम्हांला रुतला तो शेवटाकडचा एक लहानसा प्रसंग. मुलाला दिलेल्या कर्जाविषयी वृद्ध डॉक्टर बोर्ग मायेने काही बोलू पाहतात. मुलाला वाटते, बाप वसुलीच करतो आहे.

तिसरा मारेन आडेचा जर्मन 'टोनी एर्डमन' (२०१६). १६२ मिनिटांचा विनोदी चित्रपट म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडतील, पडू द्याव्यात. बुखारेस्टमध्ये सल्लागार म्हणून राबणाऱ्या इनेसकडे तिचा संगीतशिक्षक बाप येतो आणि खोटे दात, विग लावून तिच्या प्रतिष्ठित वर्तुळात भलत्याच नावाने मिरवू लागतो. अंतोनिओची फजिती परिस्थिती करते; हा बाप ती स्वतःहून ओढवून घेतो, कारण मुलीपर्यंत पोहोचण्याची दुसरी वाट त्याच्यापाशी उरलेली नाही. शोकांतिका आणि प्रहसन यांतले अंतर शिकवताना हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्ही सुचवू.

आमचे वडील घरी येणाऱ्या आमच्या प्रत्येक मित्राला तेच तीन-चार विनोद सांगत. कॉलेजात गेल्यावर आम्ही मित्रांना घरी आणणेच बंद केले. त्यांनी कधी कारण विचारले नाही. 'टोनी एर्डमन' संपल्यावर बराच वेळ आम्ही गप्प होतो. मग आमच्यापैकी एकाने त्यांतला एक विनोद सांगायला घेतला. शेवट दोघांनाही आठवेना. तो येण्याआधीच आम्ही नेहमी उठून जात असू.