टाळ्या वाजवा, हुकूम आहे!

एकच सिम्फनी, तीन रेकॉर्डिंग्ज आणि जेमतेम काही मिनिटांचा शेवट. गेला महिनाभर माझं डोकं त्यात अडकलंय. दिमित्री शोस्ताकोविचची पाचवी. 'वेस्टर्न क्लासिकल म्हणजे झोपेचं औषध' म्हणणाऱ्या तमाम मंडळींनो, पान उलटायच्या आधी एवढंच ऐका, की ही सिम्फनी लिहिताना त्या माणसाचा जीव टांगणीला लागला होता. अगदी शब्दशः.

जानेवारी १९३६ मध्ये स्टालिन त्याचा ऑपेरा बघायला आला आणि संपायच्या आत उठून गेला. दोनच दिवसांनी 'प्रावदा'त त्या ऑपेराची सालटी काढणारा लेख. त्या काळात तो नुसता वाईट रिव्ह्यू नव्हता. माणसं रातोरात गायब होत होती. तालमी सुरू असलेली चौथी सिम्फनी त्याने मागे घेतली, ती वाजली थेट १९६१ मध्ये. मग २१ नोव्हेंबर १९३७ ला लेनिनग्राडमध्ये ही पाचवी. संथ तिसऱ्या भागात लोक रडले, शेवटी अर्धा तास टाळ्या. पठ्ठ्या वाचला.

शेवट जल्लोषाचा आहे. ब्रास गरजतंय, टिंपनी बडवली जातेय आणि व्हायोलिन्स एकच सूर पुन्हा पुन्हा ठोकतायत. पण हा आनंद खरा, की धाकापोटी? गंमत म्हणजे उत्तर वेगावर ठरतं. आणि छापील आवृत्त्यांतच घोळ! एकीतला वेग दुसरीच्या जवळपास दुप्पट.

बर्नस्टाइनचं १९५९ चं रेकॉर्डिंग सुसाट. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन तो नुकताच रशियात जाऊन आला होता. मॉस्कोत खुद्द शोस्ताकोविचने स्टेजवर येऊन त्याच्याशी हात मिळवला होता. ऐकताना सॉलिड मजा येते. मॅच जिंकल्यासारखी.

रोस्त्रोपोविच (१९८२, वॉशिंग्टनचा नॅशनल सिम्फनी) शोस्ताकोविचचा विद्यार्थी आणि दोस्त. १९७४ मध्ये देश सोडलेला. त्याचा शेवट जड, रखडत चालणारा. तो एकच सूर हातोड्यासारखा डोक्यात बसतो.

तो ऐकताना मला माझी पहिली नोकरी आठवली. सकाळी आमच्यातल्या चौघांना घरी पाठवलं, संध्याकाळी त्याच मजल्यावर केक कापला. 'चला, एनर्जी कुठाय?' म्हणून एचआरवाली ओरडली आणि आम्ही सगळ्यांनी जाम टाळ्या वाजवल्या. मीही. ईएमआय होता ना. स्टालिनशी तुलना अर्थातच हास्यास्पद आहे, मान्य. पण तळहात तसेच दुखले.

आणि मग म्राविन्स्की. पहिला प्रयोग याचाच, तेव्हा वय ३४. माझ्याकडचं रेकॉर्डिंग १९८४ चं, लाइव्ह, त्याच लेनिनग्राडच्या ऑर्केस्ट्राबरोबर. आता तो ८० वर्षांचा. ना बर्नस्टाइनचा उत्साह, ना रोस्त्रोपोविचचा आक्रोश. ताठ, कोरडं. तो काहीच सांगत नाही. हॉलमध्ये कोण बसलंय याचा अंदाज घेत बोलणाऱ्या माणसासारखं. मला हेच सगळ्यांत खरं वाटतं, आणि सगळ्यांत भीतीदायकही.

ऐकणार असाल तर बर्नस्टाइनपासून सुरुवात करा, सवय नसेल तर तोच सोपा. फक्त लोकलमध्ये नको. तिसरा भाग इतका हळू आहे, की दादरच्या गोंगाटात काही म्हणजे काही ऐकू येत नाही.