कडी न लावलेलं दार

आमच्या कोयनानगरच्या घरात रात्री दाराला कडी लावत नाहीत. दार ओढून घ्यायचं आणि वाऱ्यानं उघडू नये म्हणून खाली वीट सरकवायची, एवढंच. हा नियम आजीनं घातला. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, चार वाजून गेलेले. जमिनीखालून गडगडाट आला, चौकट कलली आणि कडी कोयंड्यात अडकून बसली. आजी सांगायची, त्या कडीशी झटताना जेवढा वेळ गेला तेवढा तिला सगळ्या जन्मात गेला नाही. शेवटी आजोबांनी फळी फोडली. सगळे अंगणात आले आणि मागं कौलं, वासे, भिंत एकदम खाली बसली. त्या भूकंपानं सुमारे 180 माणसं नेली. जमीन माणसाला मारत नाही, घर मारतं, हे आमच्या गावाला त्या पहाटे कळलं.

मी झोंबीपटांची भक्त आहे. शाळेत होते तेव्हापासून मिळेल तो पाहत आले, आणि प्रत्येक चित्रपटात मी दाराकडे बघते. रक्त, सडकं मांस, रंगभूषा या गोष्टी चांगल्या असल्या तर आनंदच आहे. पण चित्रपट खरा की पोकळ, ते माझ्यापुरतं दाराशी ठरतं. भूकंप म्हणतो, बाहेर पळ. झोंबीपट म्हणतो, आत शीर आणि दार लाव. आजीच्या घरात वाढलेल्या मुलीला हा दुसरा हुकूम आधी कळलाच नाही. अंगणात मोकळं आकाश असताना ही माणसं स्वतःला कोंडून का घेतात, असं वाटायचं.

कोंडून घेण्याची ही रीत जॉर्ज रोमेरोनं घालून दिली. त्याचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' 1968 च्या ऑक्टोबरात पडद्यावर आला, पण चित्रीकरण 1967 मधलं. म्हणजे आमच्याकडे माणसं दारं फोडून बाहेर पडली त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरात बेन नावाचा माणूस दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकत होता. ऐनवेळी चित्रपटाचं नाव बदललं, त्या घाईत पडद्यावरची स्वामित्वहक्काची ओळ गळली, आणि चित्रपट कुणाच्याच मालकीचा उरला नाही. ज्याला वाटेल त्यानं कॅसेटी काढल्या. त्यातलीच एक घासलेली कॅसेट पावसाळ्यात आमच्या वसाहतीत आली. कोयनेचा पाऊस वर्षाला 5000 मिलिमीटरच्या घरात जातो, चार महिने खिडकीबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नाही. काळ्या-पांढऱ्या पडद्यावरून ते लोक हळूहळू चालत येत होते आणि मला सारखं वाटत होतं की ते आमच्याच धुक्यातून येताहेत.

घाबरवलं मात्र त्यांनी नाही, आतल्या भांडणानं. बेन म्हणतो, वरच थांबू, इथून निसटता येईल. त्याच घरात लपलेला हॅरी कूपर म्हणतो, तळघरात जाऊ, तिथं एकच दार आहे. बाहेर मेलेली माणसं उभी आणि आत जिवंत माणसं दारावरून हमरीतुमरीवर येतात. शेवटी तळघराचंच दार बेनला रात्रभर वाचवतं. सकाळी तो वर येतो, खिडकीशी जातो आणि बाहेरच्या बंदूकधारी टोळीची गोळी त्याच्या कपाळात बसते. बेनचं काम करणारा ड्युएन जोन्स कृष्णवर्णीय होता. चित्रपट आला तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन सहा महिनेच झाले होते. त्या गोळीचा अर्थ तिथल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मेलेल्यांचं भय आपल्याला नवं नाही. पण आपली भुतं काहीतरी मागतात. मुंजाला लग्न हवं असतं, वेताळाला नारळ, कुणाला दहीभात. पितृपंधरवड्यात तर आपणच पान वाढून कावळ्याची वाट बघतो. ज्याला मागणं आहे त्याच्याशी बोलता येतं. झोंबीला उतारा चालत नाही. त्याला नाव नाही, नातं आठवत नाही. मूळ हैतीच्या कथांत तर तो भयंकर केविलवाणा आहे. फ्रेंचांच्या ऊसमळ्यांवर राबवलेल्या गुलामांची ही भीती होती, की मेल्यावरही सुटका नाही, कुणीतरी उठवून पुन्हा कामाला जुंपेल. 1932 च्या 'व्हाइट झोंबी' मध्ये साखरेचा घाणा आहे. तो फिरवणाऱ्यांपैकी एक माणूस यंत्रात पडतो आणि बाकीचे थांबत नाहीत, मानही वळवत नाहीत. हंगामात पाटणहून कऱ्हाडला जाताना एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकते. रस्त्याकडेला ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या दिसतात, दाराच्या जागी गोणपाट. तेव्हा मला दर वेळी तो घाणा आठवतो. भयपटानं इतकं खरं क्वचितच दाखवलं असेल.

धावणारे झोंबी मला कमी पटतात. 'ट्वेंटी एट डेज लेटर' मधलं ओस पडलेलं लंडन अप्रतिम आहे, तरी धावत येणारा केवळ दचकवतो. हळू येणारा आपल्याला विचार करायला वेळ देतो, आणि त्या वेळातच माणूस दार लावायचं की उघडायचं ते ठरवतो. याला अपवाद 'ट्रेन टू बुसान'. 2016 चा हा कोरियन चित्रपट मी सात वेळा पाहिला. मागच्या डब्यांतून जीव वाचवत आलेल्या लोकांना पुढच्या डब्यातले प्रवासी आत घेत नाहीत, दार धरून ठेवतात. ते कसेबसे आत येतात, तर त्यांना पुन्हा वेगळं काढतात. मग त्या डब्यातली एक म्हातारी काचेपलीकडे आपली बहीण बघते. बहीण आता माणसांत राहिलेली नाही. म्हातारी आपल्या डब्यातल्या लोकांकडे एकवार बघते आणि उठून दार उघडते. झोंबीपटात याहून मोठा प्रसंग मी पाहिलेला नाही.

आणि आपला 'झोंबिवली'. आदित्य सरपोतदारांचा हा चित्रपट 26 जानेवारी 2022 ला आला. मास्क लावून, एकेक खुर्ची सोडून आम्ही तो पाहिला. पुढं 2024 मध्ये त्यांनीच 'मुंज्या' केला, म्हणजे न मागणारं भूत आणि मागणारं भूत, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेली. 'झोंबिवली' त विनोदाची घाई आहे. भीती पुरती मुरायच्या आत हशा येतो, ते मला खटकलं. पण चित्रपटाचा पाया खरा आहे. डोंबिवलीतली उंच इमारत, तिथं नव्यानं राहायला आलेला सुधीर आणि त्याची गरोदर बायको, शेजारी पाण्यावाचून तडफडणारी वस्ती, आणि सगळ्या अनर्थाच्या मुळाशी पाणी. सुधीर झालेला अमेय वाघ आणि वस्तीतला ललित प्रभाकर यांना अखेर एकाच बाजूला उभं राहावं लागतं. कोयनेच्या माणसाला ही गोष्ट परकी नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गावं बुडाली, त्यांतल्या काही धरणग्रस्तांना डोंबिवलीच्याच ठाणे जिल्ह्यात जमिनी दिल्या. पाण्यासाठी कुणाला कुठं ढकललं जातं ते आम्ही घरात ऐकत आलो आहोत. म्हणून उणिवांसकट 'झोंबिवली' मला आपला वाटतो, आणि मराठीतल्या या पहिल्या प्रयत्नाला मी चांगला म्हणते.

भूकंपानंतर आमचे लोक माळावर ताडपत्रीखाली राहिले. आजीच्या ताडपत्रीत तीन बिऱ्हाडं होती आणि दार कुठंच नव्हतं. धक्के थांबत नव्हते. रात्री कुणीही आत यायचं, आणि ती सरकून जागा करायची. कोण, कुठला, हे सकाळी उजेडात कळायचं.

तुम्ही 'झोंबिवली' पुन्हा लावलात, किंवा रोमेरो पहिल्यांदाच बघायला बसलात, तर एवढं माझं ऐका. पडद्यावर दात आणि रक्त दिसू लागलं की क्षणभर तिथून नजर काढा आणि कडीवर कुणाचा हात आहे ते बघा.