कॅरिअरसकट

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी छत्रपतींची मेबॅक येते. जर्मनीत घडलेली, भगव्या रंगाची, लांबलचक गाडी. सोनं लुटायला जमलेल्या गर्दीची निम्मी नजर तिच्यावरच असते, आणि ते योग्यच आहे. इतक्या वर्षांची गाडी अशी राखणं सोपं नाही. पण राजघराण्याच्या गाडीला राखणारे हात मिळतात. दूध, गूळ, वऱ्हाड, शाळेची पोरं आणि दवाखान्याचे पेशंट वाहणाऱ्या गाडीला ते मिळत नाहीत. शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये रविवारी आम्ही काही जण जिच्याभोवती जमतो, ती मॅटाडोर या दुसऱ्या जातीची. कूळ तिचंही जर्मनच. खंडेनवमीला झेंडूचा हार तिलाही पडायचा. चालायची थांबली त्या वर्षी हार थांबला आणि ती एका गोठ्यामागं बाभळीखाली उभी राहिली. आम्हाला ती तिथंच सापडली.

तिचं कूळ जरा सविस्तर सांगतो. हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात व्हिडाल आणि पुत्र यांचा टेम्पो नावाचा कारखाना होता. तीनचाकी मालगाड्यांवर त्यांनी नाव कमावलं. १९४९ साली त्यांनी चार चाकांची मॅटाडोर काढली. तिला इंजिन होतं फोक्सवॅगनच्या बीटलचं, पंचवीस अश्वशक्तीचं. फक्त इथं ते पुढची चाकं फिरवायचं. पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आली आणि १९५२ मध्ये टेम्पोला मिळणारी इंजिनं बंद झाली. फोक्सवॅगनची ती व्हॅन पुढं जगाची लाडकी झाली. ब्राझीलमध्ये ती २०१३ पर्यंत बनत होती, आणि जुन्या गाड्यांसाठी नवे पत्रे, नवी रबरं आजही विकत मिळतात. मॅटाडोर मात्र दुसऱ्यांची इंजिनं घेत, मालक बदलत चालत राहिली. आधी हानोमागकडे गेली, मग डाइमलर-बेंझकडे, आणि सत्तरच्या दशकात तिकडं संपली.

आपल्याकडं ती संपली नाही. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये याच व्हिडालशी करार करून बजाज टेम्पो उभी केली होती. सुरुवातीच्या तीनचाकी गोरेगावात बनल्या, मग कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला, आणि तिथून मॅटाडोर बाहेर पडली. डिझेल इंजिन ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्या मधोमध, झाकणाखाली. जागा नसली की त्या गरम झाकणावर गोणपाट टाकून एकाला बसवायचे. ओढ पुढच्या चाकांना, म्हणून मागं प्रॉपेलर शाफ्ट नाही, म्हणून आतली फरशी बुटकी आणि सपाट. चाळीस लिटरचा भरलेला दुधाचा कॅन दिवसभर चढवणाऱ्या माणसाला या रचनेचं मोल कमरेत कळायचं. तिची दुसरी बाजूही तेवढीच खरी. मागं माल ठासून भरला आणि घाट लागला की वजन मागच्या चाकांवर जायचं, पुढची हलकी व्हायची आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरायची. गगनबावड्याच्या पावसात मॅटाडोर चालवलेला माणूस हे अजून हातवारे करून सांगतो. १९८६ मध्ये टाटाची ४०७ आली, जपानी सहकार्यातल्या गाड्याही त्याच सुमारास आल्या, आणि मॅटाडोर हळूहळू बाजूला सरकली. २००५ मध्ये कंपनीचंही नाव बदलून फोर्स मोटर्स झालं.

आता एवढ्या हजारोंनी फिरणाऱ्या गाड्या गेल्या कुठं? भंगारात. कामाची गाडी शेवटच्या दिवसापर्यंत काम करते. तिला जपायला कुणाला उसंत नसते आणि ती थांबली की तिच्या पत्र्याचा किलोवर भाव होतो. घरात आजोबांची फियाट झाकून ठेवतात, मॅटाडोर कुणी झाकून ठेवलेली मी पाहिली नाही. आमच्या उद्योगामागं ही एक टोचणी आहे. ज्या गाडीनं एका घराचं कर्ज फेडलं, दोन पोरींची लग्नं काढली, ती कुणाच्या जुन्या रोल्स-रॉइसपेक्षा कमी मानाची का असावी, हे मला खरोखर समजत नाही.

आम्ही म्हणजे कोण, तर लेथवाले मामा, पिठाची गिरणी चालवणारा एक दोस्त, भौतिकशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक, डिप्लोमा करून वर्कशॉपमध्ये लागलेली एक ताई, पत्र्याचं काम करणारा भावड्या आणि लिहिण्यावाचण्यातला मी. गाडी बाभळीखालून हलवली तेव्हा सगळ्यांनी एकच काम केलं. पेचकसाचं टोक घेऊन तिला खालून वरपर्यंत टोचून पाहिलं. गंज वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त असतो. छपराच्या कडेची पन्हळ, दाराखालचा उंबरा, पायरी, चाकांवरच्या कमानी: पाणी जिथं थांबतं तिथं पत्रा आतून संपत जातो आणि रंगाचा पापुद्रा तेवढा उभा राहतो. भावड्यानं उंबऱ्यावर हातोडीचा दांडा हलकेच आपटला आणि म्हणाला, "ह्यो पत्रा न्हाई, ही चाळण हाय. निरोगी पत्रा लागंस्तोवर कापत जायचं. दया दाखवायची न्हाई."

त्यानं दया दाखवली नाही. कापलेल्या जागी तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा, लाकडी साच्यावर ठोकून गोलाई दिलेला. वेल्डिंगचं त्याचं तंत्र मी तासन्‌तास बघत उभा राहिलो. एका दमात लांब वेल्ड मारला तर पत्रा तापून फुगतो आणि पुढं कितीही पुट्टी भरा, लाट दिसतच राहते. म्हणून तो इथं एक टाका मारायचा, मग हातभर लांब दुसरा, मग परत मधोमध तिसरा, आणि प्रत्येक टाक्यानंतर हात मागं घेऊन थांबायचा. इतकी सबुरी असलेला माणूस चहाला मात्र दोन मिनिटं थांबत नाही.

इंजिनाचं काम मामांचं. वर्षानुवर्षं थांबलेल्या डिझेल इंजिनाला सरळ स्टार्टर मारणं म्हणजे त्याचा घात करणं. मामांनी आधी नोझल काढली, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि मुरू दिलं. मग पान्यानं हातानंच इंजिन फिरवून पाहिलं. अडकलं, मागं घेतलं, पुन्हा पुढं. पूर्ण फेरा बसला तेव्हा त्यांनी पान्याला नमस्कार केला. टाकीतून तळाचा गाळ निघाला, काळा, चिकट. पंप कॅलिब्रेशनला गेला, नोझल प्रेशरवर तपासून आली, डिझेलच्या नळ्या नव्या आल्या. पुण्यात नाना पेठेच्या दुकानांतून काही माल मिळाला, जुन्या बाजारात एक मीटर मिळाला, पुढच्या सस्पेन्शनमधलं एक बुश मात्र कुठंच मिळेना. ते मामांनी लेथवर केलं. याच कोल्हापुरात मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला होता. इथल्या लेथवाल्याला "पार्ट मिळत नाही" हे उत्तर पटतच नाही. ताईनं झिजलेल्या बुशाची मापं घेतली, झीज किती झाली असेल त्याचा हिशोब लावला आणि चित्र काढून दिलं. शेवटी हातपंपानं नळ्यांमधली सगळी हवा काढली, हीटर तापवला आणि ताईनं चावी फिरवली. पहिल्यांदा नुसता पांढरा धूर. मग एक सिलिंडर लागला, मग दुसरा, मग सगळी शेड हादरली आणि प्राध्यापक, जे वर्गात आवाज चढवत नसावेत, ते ओरडून नाचले.

इथवर आमच्यात मतभेद नव्हते. भांडण लागलं ते रंग घासताना. वॉटर पेपरनं पिवळा रंग उतरवला तर खाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली आकाशी, आणि आकाशीवर पेंटरच्या हातचं एक अक्षर: मोठा, ठसठशीत, सावली दिलेला "दू". पुढचं "ध" गंजात गेलं होतं. म्हणजे आधी ती दूधगाडी, मग कुणाची तरी रुग्णवाहिका किंवा बिनकाचेची मालगाडी, आणि शेवटी खिडक्या कापून शाळेची गाडी. छपरावर चॅनेलचं जाडजूड कॅरिअर, मागं लोखंडी शिडी. प्राध्यापकांचं म्हणणं स्पष्ट होतं: गाडी आकुर्डीहून निघाली तशी करायची. कॅरिअर कारखान्याचं नाही, शिडी नाही, त्या खिडक्याही नाहीत. तेव्हा कॅरिअर आणि शिडी उतरवा, खिडक्या बुजवा. गिरणीवाल्याला आत फळ्यांची घडीची बाकं, झोपायची सोय, छोटा ओटा हवा होता, म्हणजे गणपतीपुळ्याला जाऊन समुद्राकाठी मुक्काम करता येईल. दोघंही गाडीवर जीव टाकणारे. दोन रविवार फक्त वादात गेले.

तोवर कॅरिअर उतरवून भिंतीला टेकवलं होतं. एका सकाळी गाडीचे पूर्वीचे ड्रायव्हर आप्पा आले. पंचाहत्तरीच्या आसपासचे, धोतर, डोक्यावर टोपी. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि वर बघून विचारलं, "कॅरिअर कुठाय?"

प्राध्यापक म्हणाले, "आप्पा, ते कंपनीचं नव्हतं. नंतर बसवलेलं."

"बसवल्यालं मीच की. जोतिबाच्या यात्रंला वर सासनकाठ्या बांधून न्यायचो. पोरं आत, काठ्या वर. त्येच्याबिगर ही गाडी कुणाला वळखू येणार?"

माझ्यापुरता वाद तिथं मिटला. मॅटाडोर कारखान्यातून निघायची तेव्हा अर्धीच घडलेली असायची. उरलेली घडण बॉडी बांधणाऱ्यानं, वेल्डरनं, पेंटरनं, मालकाच्या गरजेनं आणि ड्रायव्हरच्या अनुभवानं व्हायची. राजाची गाडी एका दिवशी पूर्ण होऊन येते. कामाची गाडी तीस वर्षं पूर्ण होत राहते. अशा गाडीतून तिचे बदल उपटून टाकले तर हाती येईल तो कोरा डबा, ज्याच्याशी कुणाचीच आठवण बांधलेली नाही. मग ठरलं की कॅरिअर राहणार, खिडक्या राहणार, आणि "दू" असलेला तुकडा न रंगवता त्यावर पारदर्शक लॅकर मारायचं.

कायदा या बाबतीत वेगळा विचार करतो आणि त्याची कारणं मी समजू शकतो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. रस्त्यावर काय काय जोडून लोक फिरतात ते बघितलं की यातली काळजी पटते. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी-चारचाकी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. मेबॅकसारख्या गाडीला हा नियम अगदी बेतून शिवलेला आहे. मॅटाडोरला नाही. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांच्या जुन्या गाड्यांना नंबराच्या शेवटी 'एच' मिळतो, आणि तिथं गाडीच्या उमेदीच्या काळात झालेले, त्या काळाला साजेसे बदल इतिहासाचा भाग म्हणून मान्य होतात. ज्या देशातून मॅटाडोर आली तिथं तिच्या आयुष्याला मान आहे. आपल्याकडंही तो मिळावा असं मला मनापासून वाटतं. आमच्या गाडीला पन्नास पुरी व्हायला अवकाश आहे. तोवर कागदपत्रं रीतसर करून, तपासणी करून, खासगी वाहन म्हणूनच ती चालेल.

गिरणीवाल्याची बाकंही आली, पण ताईच्या एका अटीवर: गाडीला नवं भोक पाडायचं नाही. जे काही नवं बसेल ते शाळेच्या बाकांच्या जुन्या भोकांतच बोल्टनं बसेल आणि पान्यानं निघेल, म्हणजे उद्या कुणाला दूधगाडी करावीशी वाटली तर अडणार नाही. सुरक्षेत मात्र कुणी जुन्याचा हट्ट धरला नाही. ब्रेकचे सगळे पाइप नवे, मास्टर सिलिंडर नवा, पुढची काच लॅमिनेटेड, पुढं पट्टे, वायरिंग पूर्ण बदलून फ्यूजसकट. आप्पांना पट्टा लावून पुढं बसवलं आणि रंकाळ्याला एक चक्कर मारून आणली. उतरताना ते म्हणाले, क्लच थोडा वर पकडतोय. मामांनी रात्रीच तो सेट केला.

या सगळ्यात आमच्याकडं एक पत्र्याची पेटी भरली आहे. बुशाचं चित्र, काचेच्या बीडिंगचा कापून ठेवलेला नमुना, उंबऱ्याचा लाकडी साचा, दाराच्या रबराचं माप, कोणतं ऑइल सील दुसऱ्या कोणत्या गाडीचं चालतं त्याची मामांच्या अक्षरातली वही. गडहिंग्लजच्या एका मालकानं त्यातला उंबऱ्याचा साचा नेला, वापरला आणि परत आणून देताना सोबत दाराच्या बिजागरीचा स्वतः केलेला नमुना पेटीत टाकला. ज्याच्या अंगणात, मळ्यात, गोदामामागं मॅटाडोर उभी असेल त्यानं भंगारवाल्याला बोलावण्याआधी उद्यमनगरात यावं. रविवारी सकाळी शेड उघडी असते. साचे न्यावेत, वहीची झेरॉक्स काढावी, आणि आपल्या गाडीचं जे माप आमच्याकडं नसेल ते लिहून ठेवून जावं.