हरवलेल्या ध्वनींचा माग

संस्कृतात ‘सप्त’, अरबीत ‘सबआ’, हिब्रूत ‘शेवा’. बैलाला ग्रीकमध्ये ‘ताउरोस’, अरबीत ‘थौर’. अशा जोड्या समोर आल्या की मन लगेच नाते जुळवू पाहते. इंडो-युरोपीय आणि सेमिटिक या दोन कुळांचा मूळपुरुष एकच असेल काय?

मोह जुना आहे. परंतु साम्य म्हणजे नाते नव्हे. ‘हिशेब’, ‘वकील’, ‘तारीख’ हे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. तेवढ्याने मराठी ही अरबीची बहीण ठरत नाही. ‘सप्त’ आणि ‘सबआ’ यांच्यातही अशीच अतिप्राचीन उसनवारी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणून भाषाशास्त्र सुट्या शब्दांवर विसंबत नाही. ते ध्वनींची नियमित संगती मागते. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली. ती पुढे याच कसोटीवर टिकली.

१८७९ सालच्या प्रबंधात तरुण फर्दिनां द सोस्यूर यांनी केवळ तर्काच्या बळावर एक अनुमान केले: मूळ इंडो-युरोपीय भाषेत असे काही ध्वनी होते, जे तेव्हा ज्ञात असलेल्या तिच्या सर्व वंशजांतून लोपले. डेन्मार्कचे हर्मान म्योलर यांना त्या ध्वनींत सेमिटिक भाषांतील कंठ्य व्यंजनांचे सगोत्र दिसले. दोन्ही कुळे एकच, असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १९०६ साली निघाला. बहुतेक विद्वानांना तो पटला नाही.

त्याच वर्षी आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे हित्ती राजांचे मृत्तिकालेख उकरले जात होते. १९१५ साली ह्रोझ्नी यांनी हित्ती भाषा इंडो-युरोपीय असल्याचे दाखवले. १९२७ साली कुरिलोविच यांनी तिच्यातील ‘ह’सारखा ध्वनी म्हणजे सोस्यूर यांच्या हरवलेल्या ध्वनींचाच अवशेष, हे निदर्शनास आणले. संस्कृत ‘अस्थि’, हित्ती ‘हस्ताइ’. पण तोवर सोस्यूर आणि म्योलर दोघेही हयात नव्हते.

कुळांचे ऐक्य मात्र आजही असिद्ध आहे. सेमिटिक भाषांचे जवळचे नाते प्राचीन इजिप्शियन, बर्बर आदींशी आहे. त्यामुळे तुलना आणखी मागे, पुरावा विरळ होत जाणाऱ्या काळात न्यावी लागते.

म्हणून शब्दांच्या मोहक जोड्या कोणी पुढे केल्या, तर विद्यार्थ्याने एवढेच विचारावे: या नियमावरून, अद्याप न सापडलेले काही आधी सांगता येते काय? सोस्यूर यांना ते सांगता आले होते.