माऊझल गांवचे दीप

गेल्या मार्गशीर्षांत इंग्लंडच्या अगदीं नैर्ऋत्य टोंकास, कॉर्नवॉल प्रांतांत, आठ दिवस राहण्याचा योग आला. योग आला असें म्हणतों. परंतु खरें सांगावयाचें तर मला तिकडे धाडण्यांत आलें होतें. आमचा पुतण्या पेन्झान्स येथें डॉक्टर आहे. शेजारच्या न्यूलिन बंदरावरील लाइफबोटीच्या स्वयंसेवकांत त्यानें आपलें नांव घातलें आहे, हें कळल्यापासून आमच्या वहिनींचें जेवणावरचें लक्ष उडालें होतें. "भावोजी, तो तुमचें ऐकतो. तेवढें त्याच्या डोक्यांतून काढा," एवढी एकच कामगिरी त्यांनीं मजवर सोंपविली. त्यांच्या भयास कारणही तसेंच आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां त्या सात वर्षांच्या होत्या. शनिवार पेठेंतील त्यांचें माहेरचें घर त्या दिवशीं गेलें. पाण्याचा विषय निघाला कीं अजून त्यांचा चेहरा उतरतो.

पेन्झान्सपासून समुद्राच्या कडेकडेनें तीनएक मैल गेलें म्हणजे माऊझल हें कोळ्यांचें जुनें खेडें लागतें. इंग्रजी अक्षरें वाचलीं तर अर्थ होतो 'उंदराचें बीळ'; उच्चार मात्र माऊझल. बंदर पाहिल्यावर अक्षरेंच खरीं वाटतात. दगडी धक्क्याचे दोन बाहू समोरासमोर येऊन मध्यें जेमतेम एक फट राहिली आहे, आणि हिंवाळ्यांत तीही जाड तुळया घालून बंद करतात, इतका तेथील समुद्र कोपिष्ट. गल्ल्या आपल्या पुण्यांतील बोळांनाही लाजवितील अशा अरुंद. नाताळांत येथें माशांची एक कणकेची भाकर करतात, तिच्यांतून माशांचीं मुंडकीं आकाशाकडे पाहत असतात. तिचें दर्शन आम्हीं दुरूनच घेतलें. १९६३ सालापासून ह्या सणांत बंदराच्या पाण्यावर रंगीबेरंगी दिव्यांचीं चित्रें उभारण्याची प्रथा आहे. तीं पाहण्यास लांबलांबून माणसें येतात.

पुतण्यानें मला मुद्दाम १९ डिसेंबरला तेथें नेलें. गांवांत शिरण्यापूर्वीं वाटेवर पेनली पॉइंट नांवाचा खडक आहे. त्यावर लाइफबोटीचें जुनें घर जसेंच्या तसें राखून ठेविलें आहे; दारापासून थेट समुद्रांत उतरणारी एक घसरण आहे, आणि शेजारीं लहानशी स्मरणबाग. हल्लीं नौका न्यूलिनला असते. येथें कांहीं नाहीं. तरी त्या बंद दारासमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलों.

१९८१ सालच्या ह्याच तारखेच्या रात्रीं ह्या दारांतून 'सॉलोमन ब्राउन' ही सत्तेचाळीस फुटी लांकडी नौका बाहेर पडली. 'युनियन स्टार' नांवाचें नवें कोरें मालवाहू जहाज आपल्या पहिल्याच सफरीवर, हॉलंडहून खत घेऊन आयर्लंडकडे निघालें होतें. इंधनांत समुद्राचें पाणी शिरून यंत्र बंद पडलें, आणि वादळ त्यास खडकांकडे लोटूं लागलें. जहाजावर आठ माणसें. त्यांत कप्तानाची पत्नी आणि दोन मुलीही होत्या. लाटा साठसाठ फूट उंच. आरमाराचें हेलिकॉप्टर येऊन घिरट्या घालीत होतें, परंतु डोलकाठी अशी हेलकावत होती कीं दोर सोडतां येईना. तेव्हां रात्रीं आठ वाजून बारा मिनिटांनीं लाइफबोट समुद्रांत लोटली गेली.

तींत आठजण होते, सारे ह्याच गांवचे. त्यांत मासेमारी करणारे होते, तसा गांवांतील खाणावळीचा मालकही होता. तांडेल ट्रेव्हेल्यन रिचर्ड्स. निघण्यापूर्वीं नाइजेल ब्रॉकमन आणि त्याचा मुलगा नील असे दोघेही धांवत आले. रिचर्ड्सनें बापास घेतलें आणि मुलास परत पाठविलें. अशा रात्रीं एका घरांतील दोघांना न्यावयाचें नाहीं, एवढाच त्याचा हिशेब. हें ऐकतांना माझ्या अंगावर कांटा आला. आपल्या एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषाला सुचावें तें ह्या अविवाहित खलाशाला त्या गोंगाटांत सुचलें. त्या माउलीचें एक माणूस त्यानें राखलें. तोच नील पुढें ह्याच ठाण्याचा तांडेल झाला.

लाटांनीं नौका एकदां उचलून जहाजावर आदळली, तरी ती पुनः पुनः जवळ जात राहिली. चौघांना उतरवून घेतल्याचा बिनतारी संदेश आला, आणि त्यानंतर कांहींच आलें नाहीं. दोन्हीं मिळून सोळा माणसें गेलीं.

गांवानें दिवे मालविले. परंतु तीनच दिवसांनीं, खाणावळीच्या मालकाच्या विधवेच्या इच्छेवरून, ते पुनः लागले. त्या वर्षीं ते लावले होते तिच्या पतीनेंच. आणि नव्या नौकेसाठीं पुरेसे स्वयंसेवक त्या एवढ्याशा गांवांतून एका दिवसांत पुढें आले.

ज्या संस्थेच्या त्या नौका, तिचीही थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आइल ऑफ मॅन बेटावर राहणारे सर विल्यम हिलरी ह्यांच्या खटपटीनें ती ४ मार्च १८२४ रोजीं लंडनमध्यें स्थापन झाली. आज ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर तिचीं दोनशेंहून अधिक ठाणीं आहेत, आणि सारा गाडा मुख्यत्वें लोकांच्या देणगीवर चालतो. १८५४ पासून १८६९ पर्यंत तिनें सरकारचें अनुदान घेऊन पाहिलें. तेव्हां अनुभव असा आला कीं सरकार देतें म्हटल्यावर लोकांचे हात आंखडतात. १८८६ सालीं एका जहाजाच्या सोडवणुकीस गेलेले सत्तावीस लाइफबोटवाले एका रात्रींत बुडाले. त्यांच्या मागें राहिलेल्या कुटुंबांचें दुःख पाहून चार्ल्स मकारा ह्या उद्योगपतीनें आणि त्याच्या पत्नीनें १८९१ सालीं मँचेस्टरच्या रस्त्यांतून नौकांची मिरवणूक काढली. बायका लांब काठ्यांना थैल्या बांधून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपर्यंत पोहोंचवीत होत्या. त्या एका दिवसांत पांच हजारांहून अधिक पौंड जमले. आज दुकानांतून नौकेच्या आकाराची पेटी दिसते. तथापि मोठा आधार मृत्युपत्रांचा. दहांपैकीं सहा वेळां नौका पाण्यांत उतरते ती कोणीतरी मृत्युपत्रांत ठेविलेल्या पैशावर, असें पुतण्या म्हणाला. पेनलीच्या कुटुंबांसाठीं तर तीस लाख पौंडांवर निधि जमला, आणि सरकारी खात्यानें त्यावर कर मागितला! लोक खवळले, तेव्हां ती मागणी मागें घेण्यांत आली. हिशेबी खातीं सर्व देशांत एकाच आईचीं लेंकरें असावींत.

रात्रीं आठ वाजतां बंदरावरचे दिवे मालवले. एक क्रूस आणि देवदूत तेवढे उजळ राहिले. इतकी माणसें जमली होतीं, पण लाटेचा आवाज स्पष्ट ऐकूं येत होता. पुतण्याच्या कमरेस संस्थेनें दिलेलें लहानसें हांक मारण्याचें यंत्र होतें. तें वाजलें कीं असेल तेथून न्यूलिनला धांवावयाचें. अजून तो उमेदवारच आहे. फेरीहून आलेली नौका गोड्या पाण्यानें धुणें, तेल भरणें, दोर वळणें, हें त्याचें काम. "समुद्रावर नेतील तेव्हां नेतील," असें तो म्हणाला.

मीं वहिनींचा निरोप सांगितला. त्यानें ऐकून घेतला. मग खालच्या आवाजांत विचारलें, "काका, पुरांतून आईला कोणी काढलें?"

आमच्या घरांत ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पलीकडच्या आळींतील कोणा तरुणानें तिला खांद्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यांतून पर्वतीच्या वाटेस लावलें, आणि तो परत फिरला. त्याचें नांव विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. पुढें पुष्कळ शोध केला, पण तो सांपडला नाहीं. मी कांहीं बोललों नाहीं. नऊ वाजतां दिवे पुनः लागले, आणि आम्ही घरीं परतलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुण्यास टेलिफोन केला. सर्व हकीकत सांगितली. मुलाला परत पाठविल्याची गोष्ट त्यांनीं दोनदां सांगावयास लावली. मला कामगिरी साधली नाहीं, हेंही कबूल केलें. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"तिकडे गारठा फार असेल, नाहीं का?" वहिनी म्हणाल्या. "त्याच्या पायाचें माप विचारून ठेवा. लोकरीचे मोजे विणून पाठवितें."